डॉक्टर, मान खाली घ्या

आमच्या शेजारच्या थूल सिस्टर माणसांशी अरे-तुरे करायच्या आणि कुत्र्याला अहो-जाहो करायच्या.

ही गोष्ट आम्हाला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. आम्ही वर्ध्याला नालवाडीत राहायला आलो तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या अंगणात भांडी घासत होते, सासूबाई लुगडं वाळत घालत होत्या, आणि दोन घरांमधल्या भिंतीपलीकडून एका बाईचा खणखणीत आवाज आला.

"डॉक्टर, मान खाली घ्या."

मग पाणी ओतल्याचा आवाज.

"डॉक्टर, लाजू नका. मी काही पहिल्यांदा बघत नाही. आता मागचं धुवायचं आहे."

सासूबाईंच्या हातातलं लुगडं अर्धं दोरीवर, अर्धं हातात राहिलं.

"शाबास. आता इकडे वळा. साबण डोळ्यांत जाईल, डोळे मिटा."

"सूनबाई," सासूबाई हळूच म्हणाल्या, "त्या घरात कोन राह्यते म्हने?"

"रिटायर झालेल्या नर्सबाई आहेत. एकट्याच."

"एकट्याच," सासूबाई म्हणाल्या. ओलं लुगडं तसंच गोळा करून त्या आत गेल्या आणि त्यांनी मागचं दार लावून घेतलं. संध्याकाळी हे दुकानातून आल्याबरोबर, पाण्याचा पेला हातात द्यायच्या आधी, त्यांनी सांगितलं, "दुसरं घर पाह्य."

ह्यांचं पंप आणि मोटार दुरुस्तीचं दुकान होतं. सासूबाईंचा सारा जन्म वडनेरला, किराणा दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत गेला होता. सासरे गेले, दुकान मोठ्या दिरांकडे राहिलं आणि त्या आमच्याकडे आल्या. शहरातल्या कॉलनीबद्दल त्यांना आधीच संशय होता. तो पहिल्याच सकाळी खरा ठरला.

सोमवारी फाटकात डॉक्टरच उभे राहिलेले दिसले. जमिनीपासून वीतभर उंच, दुधावरच्या सायीच्या रंगाचे, आणि नखशिखान्त केस. तोंड कुठल्या बाजूला आहे हे बिस्किट दाखवल्याशिवाय कळत नव्हतं. साखळीच्या दुसऱ्या टोकाला थूल सिस्टर होत्या. उंच, सरळ, पांढरी सुती साडी, आणि स्वतःच आरशात बघून कापलेले आखूड केस. आवाज असा की लांबलचक वॉर्डाच्या शेवटच्या खाटेपर्यंत जावा. रिटायर होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण वॉर्ड आखूड झाला आहे हे आवाजाला कुणी सांगितलं नव्हतं.

"एक जवान डॉक्टर होता," त्यांनी सांगितलं. "बदली झाली तं जाताना हे पिल्लू माह्या हातात देल्लं. म्हने, सिस्टर, सांभाळा. म्या म्हटलं, सारी नोकरी डॉक्टरले सांभाळण्यातच गेली, अजून एक."

डॉक्टर म्हटलं की अहो-जाहो आलंच, शिवाय भाषाही शुद्ध हवी, असं त्यांच्या जिभेला नोकरीतलं वळण होतं. माणसांशी वऱ्हाडी आणि कुत्र्याशी पुस्तकातलं मराठी. आमच्या ह्यांना पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या, "भाऊ, तुह्यं पोट पाहून मले सातवा महिना वाटून राह्यला. भात कमी कर." आणि लगेच खाली बघून, "डॉक्टर, चला, आपल्याला उशीर होतो आहे."

हे त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांनाही धक्का बसलाच होता.

पण सिस्टरचा एक नियम होता. त्या खोटं बोलत नसत. "मेलेल्याले मेला म्हनाची नोकरी केली म्या," हे त्यांचं आवडतं वाक्य. बारशाला गेल्या तर बाळाचे कान मोठे आहेत म्हणून सांगत. माझ्या पहिल्यावहिल्या ढोकळ्याचा तुकडा मोडून त्यांनी डॉक्टरांपुढे धरला. डॉक्टरांनी तोंड फिरवलं. "पाह्य," सिस्टर म्हणाल्या, "मी बोलली नाई."

चहाला मात्र त्या सगळ्यांना बोलवत. मी जायची. सासूबाईंना बोलावलं की त्यांचा उपास असायचा. सोमवारी सोमवार, मंगळवारी मंगळवार, बुधवारी पोटात गडबड. वडनेरला त्यांनी आयुष्यात कधी बौद्धांच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. हे त्या बोलून दाखवत नसत आणि आम्हीही तो विषय काढत नसू. सिस्टर सारं ओळखून होत्या. एकदा मला कपबशी देताना म्हणाल्या, "तुह्या सासूचा उपास माह्या फाटकापाशी सुरू होते. फाटक ओलांडून गेली का सुटते." एवढंच. पुन्हा कधी बोलल्या नाहीत, आणि बोलवायचंही थांबवलं नाही.

रविवार हा ऑपरेशनचा दिवस. त्यांच्या अंगणात कडुनिंबाखाली एक जुनं लोखंडी टेबल होतं. त्यावर धुतलेली चादर अंथरायची. कात्र्या आणि स्टीलचा कंगवा पातेल्यात उकळायचा. मग डॉक्टरांना उचलून टेबलावर ठेवायचं आणि हाक मारायची, "सूनबाई, ये, असिस्टंट नाई आज." असिस्टंट कधीच नसायचा. मी भिंतीच्या तुटक्या भागातून पलीकडे जायची आणि त्या मागतील ते हातात द्यायची. चुकीची कात्री दिली तर त्या माझ्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत, नुसता हात तसाच पुढे धरून ठेवायच्या. माझ्या कानशिलावर घाम यायचा.

आधी कोरडे केस विंचरायचे. न विंचरता आंघोळ घातली तर गुंते पाण्याने आवळतात आणि मग सुटता सुटत नाहीत. विंचरताना केस मुळाशी एका हाताने धरायचे, म्हणजे कातडी ओढली जात नाही. डोळ्यांवरच्या झिपऱ्या, पंजांच्या गाद्यांमधले केस, शेपटीखालचे केस, हे सारं बारीक कापायचं. शेपटीची वेळ आली की सिस्टर म्हणायच्या, "डॉक्टर, माफ करा." डॉक्टर खरोखर मान वळवून दुसरीकडे बघायचे.

मे महिन्यात कॉलनीतला प्रत्येक जण फाटकाशी थांबून सल्ला द्यायचा की त्याला पूर्ण टकला करून टाका, किती ऊन आहे. सिस्टर विचारायच्या, "तू उन्हात डोक्याचा दुपट्टा सोडून फिरतं का? मंग त्याचा काऊन काढू?" आणि फक्त पोटाखालचे केस आखूड करून डॉक्टरांना कूलरसमोर नेऊन बसवायच्या.

सासूबाई हे सगळं भिंतीच्या जाळीच्या विटांतून बघत. आपण बघतो हे त्यांना मान्य नव्हतं. विटांपाशी त्यांचं तांदूळ निवडायचं सूप कायमचं राहायला गेलं होतं.

मग एका पावसाळ्यात सिस्टरना मलेरिया झाला. पंधरवडाभर त्या अंथरुणात होत्या. मी खिचडी नेऊन द्यायची, डॉक्टरांना फिरवून आणायची. त्या दिवसांत त्यांच्या दारात दुसरं कुणी आलेलं मी पाहिलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, "भाऊ होता, तो गेला. भाचे आपापल्या ठिकानी हायेत. पेशंटले जास्त गर्दी चांगली नसते."

बरं वाटल्यावरच्या पहिल्या रविवारी त्यांनी डॉक्टरांना टेबलावर घेतलं आणि कानामागे हात घातला. तिथे गोवरीसारखा एक कडक गोळा झाला होता.

"जट झाली, डॉक्टर," त्या म्हणाल्या.

भिंतीपलीकडे सूप पडलं. तांदूळ विखुरल्याचा आवाज आला आणि विटांच्या वर सासूबाईंचं तोंड दिसलं. नालवाडीत आल्यापासून त्यांनी सिस्टरना स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

"कुत्र्याले कशी जट येईन?"

इथे मला सांगायला हवं की सासूबाईंच्या डोक्यावर जट होती. मी लग्न होऊन आले तेव्हापासून होती. कधीकाळी त्यांना टायफॉईड झाला, महिनाभर केस विंचरले गेले नाहीत आणि मानेपाशी दोरखंडासारखी जाड जट वळली. गावातल्या अंगात येणाऱ्या एका बाईने सांगितलं की ही देवी आली आहे, कंगवा लावायचा नाही, कापायची नाही. कापली तर रक्त निघेल आणि मुलाबाळांवर येईल. तेव्हापासून त्या तिला हळदकुंकू लावत आणि पदराखाली झाकून ठेवत. त्यांना उताणं झोपता येत नसे. मान एका बाजूला ओढलेली, डोकं सदा दुखायचं. घरात ह्याबद्दल कुणी बोलत नसे. ह्यांनी एकदा विषय काढला तर त्या म्हणाल्या होत्या, "तुह्यासाठीच ठेवली हाये, बाबू." त्यावर बोलणं संपलं होतं.

आणि आता देवी कुत्र्याच्या कानामागे आली होती.

"केस असले का येते," सिस्टर म्हणाल्या. "मी पडून होती, कोन विंचरीन त्याले."

"देवीचं काही..."

"देवीले येवढं जग सोडून ह्याच्या कानामागं राह्याचं काय पडलं, बाई?"

"कापली तं रक्त येते."

"चामडी कापली तं येईन. केसात रक्त नसते. थांब तिथंच, पाह्य."

त्यांनी गोळ्यावर पावडर टाकली, बोटांनी तो थोडा थोडा फाडून सैल केला. मग कंगवा कातडी आणि गोळा यांच्यामध्ये सरकवला, म्हणजे कात्री कातडीपर्यंत पोचणारच नाही. बँडेज कापायची कात्री त्यांनी आडवी न घालता केसांच्या दिशेने घातली. त्या कात्रीचं एक टोक बोथट असतं. कचकच आवाज झाला आणि गोळा चादरीवर पडला. डॉक्टरांनी जांभई दिली.

सासूबाई त्या गोळ्याकडे बघत राहिल्या. मग खाली वाकल्या आणि तांदूळ गोळा करू लागल्या.

पुढचे काही महिने त्यांनी सिस्टरवर पाळत ठेवली. जट कापणारीवर काय संकट येतं ते त्यांना पाहायचं होतं. सिस्टरच्या कूलरची मोटार जळाली तेव्हा त्या मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "पाह्य." मी म्हटलं, आई, आपलीही जळाली आहे, सगळ्या गल्लीची लाईन कमी-जास्त होत होती. डॉक्टरांनी एकदा अंगणात ओकारी केली तेव्हा त्या दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आमच्या दारातली पोळी पळवून घेऊन गेले आणि सासूबाईंचा मुद्दा पडला.

पुढच्या उन्हाळ्यात जटेखाली फोड झाले. मानेवर लालबुंद सूज आली, रात्री ताप येऊ लागला. दवाखान्यात त्या यायला तयार नव्हत्या, कारण तिथला डॉक्टर आधी जटच कापा म्हणेल. ह्यांनी हात जोडले, मी रडले. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. एका सकाळी मला म्हणाल्या, "त्या सिस्टरले विचारजो, कात्री देते का."

मी धावत गेले. सिस्टर ऐकून म्हणाल्या, "कात्री एकटी जात नाई कोनाकडं. माह्यासंग येते."

सासूबाईंनी अट घातली की घरात नको. घरात देव आहेत. मग सासूबाई पदर सावरत भिंतीच्या तुटक्या भागातून पलीकडे गेल्या आणि सिस्टरच्या कडुनिंबाखाली खुर्चीवर बसल्या. मी बघतच राहिले. हे दुकानात जायचे थांबले होते, तेही भिंतीशी येऊन उभे राहिले.

"एक सांग आधी," सासूबाई म्हणाल्या. "शाप लागला तं कोनाले लागीन? माह्या पोराले का कापनाऱ्याले?"

सिस्टर कात्र्या पुसत होत्या. "कापनाऱ्याले."

"खरं सांगून राह्यली?"

"कापनाऱ्याले लागते. अन् मले लागला तं लागू दे. माह्या घरी नुकसान व्हायले हाये कोन?"

त्या हे अगदी साधेपणाने म्हणाल्या, भाजी महाग झाली म्हणावं तसं. टेबलाखाली डॉक्टर झोपले होते. माझ्या हातातली पावडरची डबी मला खाली ठेवावी लागली. सासूबाईंनी सिस्टरकडे बराच वेळ बघितलं आणि मग डोक्यावरचा पदर काढला. ह्यांच्या समोर त्यांनी तो कधी काढला नव्हता. हे मागे वळून घरात निघून गेले.

मग जे चाललं ते बहुतेक अर्धी सकाळ चाललं. सिस्टरनी आधी कोमट पाण्याने खपल्या भिजवल्या. बोटांनी एकेक पदर वेगळा करून कापला. सासूबाई डोळे घट्ट मिटून कसलंतरी नाव घेत होत्या आणि सिस्टर, हातात काम असलं की जी भाषा तोंडात यायची त्याच भाषेत, बोलत होत्या.

"मान खाली घ्या. हलू नका. दुखलं तर सांगा. अजून थोडंच आहे. शाबास, डॉक्टर."

मी दचकून सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी मान आणखी खाली घेतली. टेबलाखालच्या डॉक्टरांनी मात्र एक डोळा उघडला.

शेवटचा धागा सुटला तेव्हा जट सिस्टरच्या हातात आली. मेलेल्या जनावरासारखी जड. तिच्याबरोबर मानेवरची एक खपलीही निघाली आणि त्या जागी रक्ताचा थेंब उभा राहिला. मग दुसरा. मी ते पाहिलं.

"रक्त?" सासूबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

सिस्टरनी कापूस दाबून धरला होता. तो त्यांनी साडीच्या घडीत कोंबला, ट्रेमधला दुसरा पांढराशुभ्र बोळा उचलला, मानेवर फिरवल्यासारखा केला आणि सासूबाईंच्या नाकासमोर धरला.

"पाह्य. हाये काही?"

सासूबाईंनी डोळे उघडले. बोळ्याच्या दोन्ही बाजू बघितल्या. "नाई," त्या म्हणाल्या, आणि रडू लागल्या.

सिस्टरनी माझ्याकडे एकदाच बघितलं. वॉर्डात नवीन पोरीकडे बघत असतील तसं. ते गुपित मी सासूबाई असेपर्यंत पोटात ठेवलं.

उरलेले केस धुऊन, मलम लावून झालं तेव्हा सासूबाई उभ्या राहिल्या आणि लगेच खुर्चीचा दांडा धरला. "मले पडल्यावानी होऊन राह्यलं," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं एका बाजूला ओढलेली मान सरळ झाली होती आणि तोल कुठे ठेवायचा ते शरीराला कळत नव्हतं. सिस्टर आत गेल्या आणि कपबशी घेऊन आल्या. सवयीने माझ्याकडेच धरली.

सासूबाईंनी मधेच हात घातला. एक घोट घेतला.

"साखर जास्त झाली," त्या म्हणाल्या आणि सगळा चहा प्यायल्या.

सिस्टरना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तोंडावर खरं सांगितलं होतं.

कुणालाही काही झालं नाही. ह्यांचं दुकान चालू राहिलं. सासूबाई पहिल्यांदा उताण्या झोपल्या त्या दिवशी मी दोनदा जाऊन त्यांचा श्वास बघून आले. त्यांचे केस हळूहळू वाढले, पांढरे आणि जावळासारखे मऊ. मागच्या पायरीवर बसून त्या स्वतःच्याच डोक्यावरून सारखा हात फिरवत राहायच्या.

दिवाळीनंतरचा एक रविवार होता. डॉक्टरांचं ऑपरेशन आटोपून सिस्टर आमच्याकडे आल्या. कंबर धरली होती. त्या खालच्या पायरीवर बसल्या, सासूबाई वरच्या पायरीवर तेल लावत होत्या. मी आत कुकर चढवलेला होता आणि दारात बसून शेंगा सोलत होते. सासूबाईंचं तेल लावून झालं. वाटीत थोडं उरलं होतं. त्यांनी वाटीत पाहिलं, समोरच्या आखूड, राठ केसांच्या डोक्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता तेलाचा तळवा त्या डोक्यावर ठेवला.

सिस्टर एवढ्या दचकल्या की डॉक्टर उठून उभे राहिले.

"काय करून राह्यली?"

"तेल उरलं."

"मले नको. मले सवय नाई, बाई."

"मंग लागीन," सासूबाई म्हणाल्या आणि दुसराही हात घातला.

सिस्टर ताठ बसल्या. टेबलावर पहिल्यांदा चढवलेलं कुत्रं बसतं तशा. बोलू लागल्या, की पेन्शनच्या ऑफिसातल्या पोराला कागद ओळखता येत नाहीत, की कडुनिंबावर यंदा मच्छर फार आहेत, की तेल डोळ्यांत जाईल, हळू. सासूबाई ऐकत होत्या आणि त्यांची बोटं चालत होती. कानामागे, टाळूवर, मानेच्या खळग्यात.

"माय होती तवा लावे," सिस्टर मधेच म्हणाल्या.

मग त्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळाने मी वर पाहिलं तर त्यांचं डोकं सासूबाईंच्या गुडघ्यावर टेकलं होतं. तोंड थोडं उघडं होतं. हात मांडीवर तळवे वर करून पडले होते. त्या हातांमध्ये काही नसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

सासूबाईंच्या पायाला मुंग्या आल्या असणार, कारण त्यांनी ओठ दाबून धरले होते. पण त्या हलल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हाताने आत जा अशी खूण केली. आत कुकर शिट्टीवर आला होता. मी उठले आणि जाऊन गॅस बंद केला.